या मातीत निजलेले सगळे

माझं काम कानाचं आहे. पोलिसांनी चोरून टिपलेली बोलणी ऐकायची आणि कोर्टासाठी जशीच्या तशी कागदावर उतरवायची. कानांवर हेडफोन, टेबलाखाली पेडल. पुढून दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, टाचेनं दाबलं की तीन सेकंद मागे. बावीस वर्षांत माझी तीन पेडलं झिजली आणि उजव्या बुटाची टाच दर हिवाळ्यात बदलावी लागते. आमच्या चेर्नाद गावचा चांभार मला विचारतो, ओत्तावियाबाई, तुम्ही एका पायावर चालता की काय?

या कामाचा नियम साधा आहे. ऐकलं ते लिहायचं, कळलं ते लिहायचं नाही. बोलणारा माझा सख्खा भाऊ असला तरी कागदावर त्याला क्रमांक. नवा आवाज आला की नवा क्रमांक. ऐकू आलं नाही तर 'अस्पष्ट' एवढाच शब्द टाकायचा, अंदाज बांधायचा नाही. माझ्या कागदात 'अस्पष्ट' फार क्वचित येतो, आणि याचा मला गर्व आहे तो मी लपवत नाही.

'व्हेदेत्ता'चं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आले, इतका आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण झाला खरा. वीस-पंचवीस वर्षं ज्यांचे काळे झेंडे बघत, ज्यांच्या पोरांना बघून रस्त्याची कड बदलत आम्ही जगलो, त्यांची आतली बोलणी माझ्या कानात येणार होती.

व्हेदेत्ता म्हणजे पहाऱ्याची चौकी, हे त्यांनी संघटनेला दिलेलं नाव. त्यांचा सगळा इतिहास मी त्यांच्याच तोंडून ऐकला, कारण एकदा वाईन पोटात गेली की ते दुसरं काही बोलतच नाहीत. म्होरक्या मान्लिओ त्रेविझिओलच्या बापाच्या टायरच्या दुकानात मागच्या खोलीत आठ जणांनी ती काढली. आधी बॉक्सिंगचा आखाडा. मग कानठळ्या बसवणाऱ्या संगीताचे कार्यक्रम, जिथं जर्मन गणवेशातल्या मेलेल्यांची गाणी व्हायची. मग नाताळात गरिबांना पास्त्याची पाकिटं, पण 'फक्त आपल्या रक्ताच्या' गरिबांना. मग हातात टॉर्च घेऊन स्टेशनभोवती गस्त, आणि त्या गस्तीत घानाहून आलेल्या क्वामेचं सायकलदुरुस्तीचं दुकान दोनदा फुटलं. वीस एप्रिलला ते केक कापत. फोनवर त्याला 'काकांचा वाढदिवस' म्हणत. काका म्हणजे त्या जर्मन गणवेशवाल्यांचा हुकूमशहा, नाव सांगायची गरज नाही. मागच्या निवडणुकीत त्यांचे दोन जण नगरपालिकेत निवडून आले, तेव्हा चौकातल्या बारमध्ये लोक म्हणाले, अरे, आपलीच पोरं आहेत. आपलेच दात, आपलेच ओठ. खोऱ्याची रीत ती.

आणि दरवर्षी तीस एप्रिलला ते जुन्या चॅपेलच्या दफनभूमीत चढून जात. तिथं सोळा जण पुरलेत. युद्धाच्या शेवटच्या वर्षी चेर्नादच्या ज्या पोरांनी स्वतःहून जर्मनांच्या एस.एस.चा गणवेश चढवला, वरच्या वाडीतली घरं जाळली, तेवीस माणसं ट्रकमध्ये कोंबून छळछावणीत पाठवून दिली, आणि शेवटच्या आठवड्यात स्वतः गोळ्या खाल्ल्या, ते सोळा. सगळ्यांत मोठा बावीस वर्षांचा, धाकटा सतराचा. व्हेदेत्तावाले त्यांना हुतात्मे म्हणत आणि त्यांची हजेरी घेत. मान्लिओ एकेक नाव पुकारायचा आणि चाळीस गळे त्या मेलेल्याच्या वतीनं एकदम ओरडायचे, "हजर!"

ही हजेरी एका माणसाला सहन होत नव्हती, ते आमचे मास्तर. जाचिंतो पिव्हिदोरी. प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं शिकवलं. या खोऱ्यात पन्नाशीच्या आतबाहेरचा जो तो त्यांचा विद्यार्थी, मी होते, मान्लिओही होता, माझ्या शेजारच्याच बाकावर. तेवीस माणसांत मास्तरांचे वडील होते. मास्तर दर तीस एप्रिलला दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभे राहून त्या तेवीसांची नावं मोठ्यानं वाचायचे. एकटेच. उत्तर द्यायला फक्त त्यांची बहीण आर्जा असायची, आणि तिचा आवाज चाळीस गळ्यांपुढे कुठे पुरणार?

त्यांच्या वर्गात दोन नियम होते, ते इथं सांगायला हवेत. इतर वर्गांत हजेरीला 'हजर' म्हणत. आमच्या वर्गात म्हटलं की मास्तर पेन खाली ठेवायचे. "हजर हा शिपायाचा शब्द आहे. मेलेल्यांच्या नावापुढे ओरडतात तो. तुम्ही जिवंत आहात ना? मग म्हणा, मी इथं आहे. परत." आणि ते 'परत' आम्ही नीट म्हणेपर्यंत संपायचं नाही. दुसरा नियम, कुणी आलं नसेल तर शेजारच्या बाकावरच्यानं बोट वर करून तो कुठे आहे ते सांगायचं. नुसतं 'गैरहजर' चालायचं नाही. ताप आहे, आजोळी गेलाय, गाईमागे गेलाय. माणूस कुठे आहे हे शेजाऱ्याला माहीत असायलाच हवं, असं ते म्हणायचे. मला गोवर आला तेव्हा आठ दिवस मान्लिओनं बोट वर करून सांगितलं होतं, "ओत्ताविया घरी आहे."

सहा नोव्हेंबरला मास्तर दुपारी फिरायला गेले ते परत आले नाहीत.

आखाड्यात पोलिसांचा छुपा माइक तेव्हा सात महिने जुना होता. मी ते सगळं ऐकत होते, म्हणून मला एक गोष्ट लगेच जाणवली. सहा तारखेपर्यंत त्या आखाड्यात मास्तरांच्या नावानं शिवी नाही असा दिवस गेला नव्हता. सातपासून त्यांचं नाव एकदम बंद. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो, गावभर कुत्री फिरतायत, तालियामेंतो नदीत पाणबुडे उतरलेत, आणि आखाड्यात फुटबॉलच्या गप्पा.

मी हे तपास करणारे पोलीस अधिकारी मार्शल कार्दिल्लो यांना सांगितलं. ते कालाब्रियाचे, दक्षिणेकडचे, आमच्या थंडीला आणि मक्याच्या पोलेंताला सारख्याच शिव्या घालणारे. म्हणाले, "ओत्तावियाबाई, न बोललेलं लिहिता येत नाही, तुम्हीच सांगता ना? प्रेत नाही तर खून नाही. सरकारी वकील सांतिनबाईंच्या हातात धमक्या आणि एक फुटलेलं दुकान एवढंच आहे. सहा महिन्यांत सुटतील सगळे."

आर्जाबाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोर्टाच्या बोळकांड्यातल्या बाकावर येऊन बसायच्या. मांडीवर पर्स, डोक्याला रुमाल. कुणाला काही विचारत नसत. एकदा मी कॉफी नेऊन दिली तेव्हा तेवढं म्हणाल्या, "पोरी, त्यांना शिक्षा करा नाहीतर हार घाला. मला फक्त तो कुठे आहे ते सांगा. वाडीत आईच्या शेजारची जागा मी त्याच्यासाठी धरून ठेवलीय."

मी त्या दिवशी शब्द दिला. देऊ नये, पण दिला.

नोव्हेंबरात व्हेदेत्तानं त्या सोळांच्या जागेची डागडुजी केली होती. नवी संगमरवरी फरशी, भोवती नवी पांढरी खडी. आठ डिसेंबरला तिचा सोहळा होता. मार्शलनी वीजवाल्याच्या वेषात जाऊन थडग्यावरच्या लाल काचेच्या दिव्यात बल्ब बदलला, आणि बल्बसोबत एक कान ठेवून आले.

ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे आलं. भर दुपारचं, वारा, झेंड्यांची फडफड. मान्लिओचा आवाज मी झोपेत ओळखेन, पण कागदावर तो आवाज १. तो नाव पुकारतो, चाळीस जण ओरडतात. सोळा नावं झाली. मग त्यानं या वर्षी नवीन जोडलेली ओळ म्हटली, फार ऐटीत, "आणि या मातीत निजलेले सगळे!"

"हजर!"

ओरडा विरला. बूट खडीवर घासले. आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुणीतरी श्वास आत घेतला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. मी टाचेनं अकरा वेळा मागे गेले. दिव्याला इतकं चिकटून कुणी उभं नव्हतं, मार्शलांच्या फोटोंत पहिली रांग चार मीटर लांब होती. मी 'अस्पष्ट' लिहिलं आणि दिवसभर माझ्यावरच चिडले.

एकवीस डिसेंबरला ते पुन्हा वर गेले. वर्षातला सर्वांत लहान दिवस ते जर्मन रिवाजानं साजरा करतात. तीच सोळा नावं, तीच नवी ओळ.

"आणि या मातीत निजलेले सगळे!"

"हजर!"

ओरडा विरला. श्वास आला. आणि मग एका म्हाताऱ्या माणसानं, घसा किंचित खाकरून, अगदी शांतपणे म्हटलं, "मी इथं आहे."

मी पेडल सोडलं. उभी राहिले. हेडफोनची वायर ताणून मशीन टेबलावरून खाली यायचं राहिलं. माझ्या अंगावर काटा होता आणि तोंडावर हसू होतं, हे दोन्ही एकदम होतं हे मी शपथेवर सांगेन. चाळीस वर्षांनी मी तो वर्गातला सूर ऐकत होते आणि मला खडूचा वास आला.

मार्शलना बोलावलं. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, तीनदा ऐकलं. "वारा आहे," म्हणाले. "नंतर बूट." मी आणखी तीनदा ऐकवलं. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. तंत्रज्ञाकडे पाठवलं तर त्यानं आलेख काढून दिला, त्या जागी रेघ सपाट होती. पण आमच्या झेरॉक्सच्या खोलीतला तुल्लिओ कागद न्यायला आला होता, त्याच्या कानाला मी सहज हेडफोन लावला. त्याच्या हातातले कागद गळून पडले. तुल्लिओ मास्तरांच्या ब्याऐंशीच्या वर्गातला.

नियम नियम असतो. मी कागदावर लिहिलं, आवाज २३, नवीन, पुरुष, वृद्ध: मी इथं आहे.

मार्शलनी तो कागद वाचला. मला वेडी म्हणाले नाहीत. मागे एकदा नुसत्या खोकण्यावरून मी त्यांना एक चोर शोधून दिला होता, ते त्यांना आठवत असावं. "कुठे आहे म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"इथं," मी म्हटलं.

"इथं म्हणजे कुठं, बाई?"

"दिवा तुम्हीच लावलात ना? त्याच्याजवळ."

दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेत जाऊन आले. फरशीच्या परवानगीचा अर्ज नऊ नोव्हेंबरचा होता. पण रस्त्यापलीकडच्या कुंपणातली म्हातारी सांगत होती की काँक्रीटची गाडी सात तारखेलाच आली होती, तिची कोंबडी त्या गाडीखाली गेली म्हणून तिला पक्कं आठवतं. म्हणजे मास्तर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. भिंतींना कान असतात म्हणतात. इथं जमिनीला तोंड फुटलं होतं. पण सांतिनबाईंनी मान हलवली. निवडून आलेल्या दोन नगरसेवकांच्या हुतात्म्यांची कबर एका कोंबडीच्या साक्षीवर उकरायची? आत काही नसलं तर खटला तिथंच मेला. काहीतरी आणखी हवं.

जानेवारीत ते नव्या वर्षाची हजेरी घ्यायला पुन्हा वर गेले, ते मुद्रण मी एकटीनं ऐकलं, दार लावून. शेवटची ओळ झाली, "हजर" विरलं. मास्तर म्हणाले, "मी इथं आहे."

मग आणखी एक आवाज आला. कोवळा, जाडसर, मिसरूड फुटताना होतो तसा. तो एकटाच म्हणाला, "हजर."

"नाही," मास्तर म्हणाले. थोडं थांबून, "परत."

"मी," तो पोरगा म्हणाला. "मी... इथं..."

मुद्रण तिथं संपत होतं. मी लिहिलं: आवाज २४, पुरुष, तरुण. हा कागद मी मार्शलना दाखवला, आणि त्यांनी पहिल्यांदाच मला सांगितलं की आता घरी जा आणि झोपा.

फेब्रुवारीत मान्लिओची जबानी ठेवली. खोलीत तो, त्याचा त्रिएस्तेहून आणलेला वकील, सांतिनबाई, मार्शल, आणि कोपऱ्यात टंकायला मी. मान्लिओनं मला बघून मान हलवली, जशी बाजारात हलवतो. गळ्यापर्यंत बटणं, हात टेबलावर, चेहऱ्यावर कंटाळा. मी मार्शलना आधीच विनवलं होतं की एकवीस डिसेंबरचं मुद्रण त्याला शेवटपर्यंत ऐकवा, आवाज ओळखायच्या निमित्तानं. सांतिनबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही.

खोलीत सोळा नावं फिरली. मान्लिओ स्वतःचा आवाज ऐकत होता, जरा फुगूनच. नवी ओळ आली. ओरडा आला, विरला.

"मी इथं आहे."

मान्लिओचा हात टेबलावरून उडाला. "बंद करा ते."

सांतिनबाईंनी वर बघितलं. "काय बंद करू? नुसता वारा आहे."

वकिलानं त्याच्या दंडावर हात ठेवला. त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं, तो गोंधळलेला दिसत होता. मार्शल मात्र माझ्याकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते चांदणं मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

टंकणाऱ्यानं बोलायचं नसतं. बावीस वर्षांत मी कधी खोकलेही नव्हते. पण बोळकांड्यात त्या बाकावर आर्जाबाई बसल्या होत्या, शुक्रवार होता. मी आमच्या खोऱ्याच्या बोलीत, मास्तर विचारायचे त्याच सुरात विचारलं, "पिव्हिदोरी आज आले नाहीत. शेजारच्या बाकावर कोण?"

मान्लिओ माझ्याकडे बघत राहिला.

आणि त्याचं बोट वर गेलं. कोपर टेबलावर, तर्जनी ताठ, सात वर्षांच्या पोराचं जातं तसं. तोंड उघडलेलं. वकिलानं तो हात धरून खाली दाबला, तेव्हा कुठे त्याला कळलं की तो वर गेला होता. त्याच्या पाचावर धारण बसली. सांतिनबाईंनी तो उडालेला हात आणि ते बोट, दोन्ही पाहिलं होतं; त्यांनी कुणाकडेही न बघता पेनाचं टोपण काढलं आणि खोदाईच्या हुकमावर तिथंच सही केली.

फरशी उचलली त्या सकाळी बर्फ भुरभुरत होतं. हातभर खाली, काँक्रीटच्या थराखाली मास्तर होते. अंगात तोच तपकिरी कोट, आतल्या खिशात घडी केलेला कागद, त्यावर तेवीस नावं.

मी आर्जाबाईंना सगळं सांगितलं, कानांनी ऐकलेलंही. वाटलं, रडतील. त्यांनी पर्सचा खटका उघडला, मिटला. मग म्हणाल्या, "लहानपणी हाका मारमारून माझा घसा बसायचा, पण मेला ओ द्यायचा नाही. उशिरा का होईना, दिलीन." आणि मग रडल्या. मीही रडले, आणि मला फार बरं वाटत होतं.

मार्चमध्ये वरच्या वाडीत, त्यांच्या आईच्या शेजारी मास्तरांना ठेवलं. आर्जाबाईंनी तेवीस नावं वाचली. या वेळी उत्तर द्यायला अर्धं खोरं होतं. बारमध्ये 'आपलीच पोरं' म्हणणारेही होते. प्रत्येक नावानंतर सगळे म्हणाले, मी इथं आहे. काहींचं चुकलं, सवयीनं 'हजर' तोंडातून गेलं, आणि ते शरमून थांबले आणि परत म्हणाले.

गोष्ट इथं संपली असं मी धरून चालले होते.

मान्लिओ आणि त्याचे तीन साथीदार तुरुंगात गेले, पण बाकीच्यांवरचा खटला चालू होता. दिव्यातला कान काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तीस एप्रिलला व्हेदेत्तातले उरलेले एकोणीस जण, हट्टानं, भर दुपारी त्या सोळांच्या कबरीवर गेले. नावं पुकारायला मान्लिओचा मेहुणा होता. तो आवाज ६.

मुद्रण दोन मेला माझ्या टेबलावर आलं. मी कॉफी घेतली, हेडफोन लावले, पेडल दाबलं.

पहिलं नाव.

"हजर!"

आणि त्या ओरड्याच्या मागोमाग, अर्ध्या सेकंदानं, दिव्याच्या अगदी जवळून, एकटा तरुण आवाज: "मी इथं आहे." नवा क्रमांक. २५.

दुसरं नाव. "हजर!" आणि मग दुसरा कुणीतरी, किंचित तोतरा: "मी इथं आहे." २६.

एकही शब्द चुकलेला नव्हता. जिथं थांबायचं तिथं थांबून, शेवटचं अक्षर न खाता. आमच्याकडून मास्तरांना असं घोटून घ्यायला अख्खं वर्ष लागायचं.

पाचव्या नावाला चाळीस काय, एकोणीस गळेही नव्हते. सातव्याला पाच-सहा. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "कोण बोलतंय?" आवाज ६ नावं वाचत राहिला, पण त्याचा कागद फडफडत होता.

या वेळी त्यांनाही ऐकू येत होतं.

नवव्या नावाला कुणीच 'हजर' म्हटलं नाही. खडीवर पावलं वाजली, आधी चालणारी, मग पळणारी. झेंड्याची काठी फरशीवर आपटली. आवाज ६ नं दहावं नाव अर्ध्यावर सोडलं आणि तोही गेला.

मुद्रण चालूच होतं. वारा. लांबवर एक मोटार सुरू झाली.

नावं आता कुणी पुकारत नव्हतं. तरी उत्तरं येत राहिली, एकामागून एक, न घाबरता, रांगेनं. मी लिहीत राहिले. क्रमांक ३९ पर्यंत गेले. पंधरा नवे, आणि सर्वांत शेवटी जुना २४, धाकटा, ज्याला जानेवारीत नीट म्हणता येत नव्हतं. त्यानंही अचूक म्हटलं.

मग बराच वेळ काही नाही. माझा पाय पेडलवरून निघेना. मास्तर काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

ते काही म्हणाले नाहीत. सतरावी जागा मोकळी होती.

आणि मग आवाज २४, स्पष्ट, थोडा अभिमानानं, बोट वर करून बोलावं तसा:

"मास्तर घरी गेले."